शुल्क प्रत्येक नव्या पिशवीवर हवे

सुपरमार्केटने प्लास्टिकच्या कॅरीबॅगसाठी वेगळे पैसे घ्यावेत की नाही, हा वाद आता वीस वर्षांहून जुना झाला आहे आणि इतक्या वर्षांत तो निवळण्याऐवजी गढूळच होत गेला आहे. एका बाजूच्या लोकांना पातळ पिशव्यांची विक्री घटल्याचा आकडा दाखवला की पर्यावरणाचे मोठे काम पार पडल्याचे समाधान मिळते. दुसऱ्या बाजूचे लोक डेन्मार्कमधील एका अहवालातला आकडा पुढे करतात, कापडी पिशवी हजारो वेळा वापरल्याशिवाय तिचा काही लाभ नाही असे सांगतात आणि सगळा प्रकारच ढोंग ठरवून मोकळे होतात. दोघांचेही आकडे बहुतांशी खरे आहेत. अडचण अशी की ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत, आणि आपण नेमका कोणता प्रश्न सोडवत आहोत हे ठरवण्याची तसदी दोन्ही बाजूंनी घेतलेली नाही. माझे म्हणणे आधीच स्पष्ट करतो. शुल्क योग्य आहे आणि ते राहिले पाहिजे; मात्र ते केवळ पातळ प्लास्टिकवर न लावता दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक नव्या पिशवीवर लावले पाहिजे, मग ती जाड प्लास्टिकची असो, कागदाची असो वा कापडाची; आणि पिशवी जितकी जड, तितके ते अधिक असले पाहिजे.

गफलतीचे मूळ असे की या वादात दोन निरनिराळी नुकसाने एकत्र मोजली जातात. पहिले नुकसान पिशवी टाकून दिल्यानंतरचे: ती उडते, झाडांना अडकते, गटारे तुंबवते, समुद्रात पोचते आणि तिथल्या जीवांच्या पोटात जाते. दुसरे नुकसान पिशवी तयार होतानाचे: तिच्यासाठी लागणारे तेल किंवा वायू, वीज, पाणी, शेतजमीन आणि वातावरणात मिसळणारा कार्बन. पहिल्या बाबतीत पातळ पिशवी मुख्य आरोपी आहे, कारण ती हलकी आहे. दुसऱ्या बाबतीत ती जवळजवळ निर्दोष आहे, आणि तेही ती हलकी आहे म्हणूनच. इंग्लंडच्या एन्व्हायर्न्मेंट एजन्सीने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पातळ पिशवीचे वजन सुमारे ८ ग्रॅम, पुनर्वापरासाठी विकल्या जाणाऱ्या जाड प्लास्टिक पिशवीचे सुमारे ३५ ग्रॅम, कागदी पिशवीचे ५५ ग्रॅम आणि सुती पिशवीचे १८० ग्रॅमहून थोडे अधिक धरले होते. आठ ग्रॅमची वस्तू स्वतःच्या हजारपट ओझे सहज पेलते, ही कामगिरी साधी नव्हे. आज सर्वत्र दिसणारी, वर दोन बंद असलेली ही पिशवी स्वीडनमधील सेलोप्लास्ट कंपनीत काम करणाऱ्या स्टेन गुस्ताफ थुलिन यांनी घडवली आणि १९६५ मध्ये तिला अमेरिकी पेटंट मिळाले. कागदी पिशव्यांसाठी होणारी झाडतोड थांबावी हा त्यामागचा एक विचार होता, असे त्यांच्या मुलाने पुढे सांगितले आहे. थुलिन स्वतः अशी एक पिशवी घडी करून खिशात बाळगत. म्हणजे जिला आपण एकदाच वापरायची पिशवी म्हणतो, ती तिच्या कर्त्याच्या लेखी पुन्हा पुन्हा वापरायची होती. तिला एकदाच वापरण्याजोगे केले ते फुकटपणाने. दोष सामग्रीपेक्षा व्यवहारात आहे.

हा फुकटपणा मोडल्यावर काय घडते ते आयर्लंडने दाखवून दिले. तिथे ४ मार्च २००२ पासून प्रत्येक पिशवीवर १५ सेंटचा कर लागू झाला. ही रक्कम अंदाजाने ठरवलेली नव्हती. पिशवीसाठी सरासरी ग्राहक स्वखुशीने जितके देईल त्याच्या सहापटीहून ती अधिक होती. पिशव्यांचा वापर अल्पावधीत नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला, आणि रस्त्यावरच्या कचऱ्यात पिशव्यांचा जो वाटा पूर्वी ५ टक्के होता तो अर्ध्या टक्क्याच्याही खाली गेला. पुढे वापर पुन्हा हळूहळू वाढू लागला तेव्हा २००७ मध्ये कर २२ सेंट करण्यात आला. दक्षिण आफ्रिकेत याच्या उलट घडले. तिथे २००३ मध्ये शुल्क आले, वापर झपाट्याने घटला, मग शुल्क कमी करण्यात आले आणि वापर पुन्हा वर चढला. दर टोचेनासा झाला की सवय परत येते, एवढा धडा या दोन देशांतून निश्चित मिळतो.

पण दर टोचतो म्हणजे तो खिशाला जड होतो असे मात्र नाही, आणि शुल्काचे समर्थकसुद्धा ही गोष्ट नीट समजून घेत नाहीत. अमेरिकेत वॉशिंग्टन शहराच्या परिसरातील दुकानांत अर्थतज्ज्ञ तातियाना होमोनॉफ यांनी एक तुलना केली. काही दुकाने स्वतःची पिशवी आणणाऱ्याला पाच सेंटची सूट देत होती. नंतर त्याच भागात नव्या पिशवीवर पाच सेंटचा कर आला. रक्कम दोन्हीकडे सारखीच. सवलतीचा परिणाम जवळजवळ शून्य होता, तर कराने पिशव्या घेणाऱ्यांचे प्रमाण चाळीस टक्केबिंदूंहून अधिक खाली आणले. पाच सेंट मिळवण्यासाठी कोणी घरून पिशवी आणत नाही. पाच सेंट जाऊ नयेत म्हणून मात्र आणतो, किंवा दोन वस्तू हातातच धरून बाहेर पडतो. शुल्काचे खरे काम पैसे गोळा करणे हे नाहीच. बिल होत असताना 'पिशवी हवी का?' हा प्रश्न विचारणे कॅशियरला भाग पडते आणि ग्राहकाला उत्तर द्यावे लागते, हे ते काम आहे.

यावर एक बुद्धिमान आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. इस्रायलमधील हैफा शहरातील दहा पाळणाघरांत झालेला एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दंड लावला, तेव्हा उशिरा येणाऱ्यांची संख्या घटण्याऐवजी जवळजवळ दुप्पट झाली आणि दंड रद्द केल्यावरही ती खाली आली नाही. आधी पालकांना शिक्षिकेला ताटकळत ठेवल्याची लाज वाटत असे. दंड आल्यावर तो उशीर विकत घेता येऊ लागला. मग पिशवीचे पैसे देऊन ग्राहकही आपली टोचणी विकत घेऊन टाकत नाही कशावरून? आक्षेप मार्मिक आहे, पण इथे तो लागू पडत नाही, कारण हैफातील पालकांच्या मनात दंडापूर्वीही एक बंधन होते आणि दंडाने ते विरघळवले. फुकट पिशवी घेताना ग्राहकाच्या मनात असे कोणते बंधन होते? ती न मागता मिळत होती, नको म्हणणाराच विचित्र ठरत होता. जिथे नैतिक संकोच आधीच आहे तिथे किंमत तो पुसू शकते. जिथे नुसती सवय आहे तिथे किंमत त्या सवयीला पहिल्यांदा अडवते. तरीही हैफाची आठवण ठेवावी, कारण पुढे जाड पिशवीच्या बाबतीत नेमके तसेच काही घडले.

आता डेन्मार्ककडे वळू. डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा २०१८ चा अहवाल सांगतो की सुती पिशवी तिथल्या साध्या प्लास्टिक पिशवीपेक्षा सरस ठरण्यासाठी ७,१०० वेळा आणि सेंद्रिय कापसाची पिशवी २०,००० वेळा वापरावी लागेल. कापूस पिकवायला पाणी, खत आणि जमीन लागते, पिशवी जड असते, आणि तिची किंमत निसर्ग आधीच मोजून चुकलेला असतो. ही वस्तुस्थिती मी पूर्णपणे मान्य करतो. परिषदेत, प्रदर्शनात, पुस्तकाबरोबर आणि साबणाबरोबर भेट मिळालेल्या, कपाटात एकावर एक साचलेल्या कापडी पिशव्या हे पर्यावरणप्रेमाचे लक्षण मानणाऱ्यांनी हा आकडा जरूर वाचावा. मात्र तो उद्धृत करणाऱ्यांनी अहवालही वाचावा. अहवालाने हवामानापासून पाण्यापर्यंत अनेक निकष तपासले, आणि ७,१०० हा त्यांतील सर्वांत प्रतिकूल निकषाचा, म्हणजे ओझोन थराच्या हानीचा, आकडा आहे. केवळ हवामानबदलाचा विचार केला तर त्याच अहवालात साध्या सुती पिशवीसाठी ५२ आणि सेंद्रियसाठी १४९ वेळा असे आकडे येतात. आठवड्यातून एकदा बाजारहाट करणाऱ्या माणसाला पहिला आकडा एका वर्षात आणि दुसरा तीन वर्षांत गाठता येतो, आणि शिवण उसवल्यास ती पुन्हा घालता आली तर त्याहून कितीतरी पुढे जाता येते. दुसरे असे की टाकलेल्या पिशवीने होणारी घाण त्या अहवालाने हिशेबात धरलेलीच नाही, कारण डेन्मार्कमध्ये घरातला कचरा गोळा होऊन भट्टीत जातो आणि त्यातून वीज व उष्णता निर्माण होते. एका शिस्तशीर देशासाठी केलेला हा हिशेब, कचरा नाल्यात जातो अशा जगाच्या चर्चेत जसाच्या तसा कसा वापरता येईल?

आणि मुख्य मुद्दा वेगळाच आहे. डेन्मार्कचा अहवाल नवी पिशवी आणि नवी पिशवी यांची तुलना करतो. घरात आधीच असलेली पिशवी, मग ती कापडी असो, नायलॉनची असो किंवा मागच्या महिन्याची चुरगळलेली प्लास्टिकची, तिचा खर्च होऊन गेलेला आहे. ती पुन्हा नेल्याने निर्मितीत काहीच भर पडत नाही. म्हणून 'कोणती पिशवी चांगली?' या प्रश्नापेक्षा 'आणखी एक पिशवी कशाला?' हा प्रश्न धोरणासाठी जास्त उपयोगी आहे. आणि तो शुल्काच्या विरोधात न जाता त्याची व्याप्ती वाढवण्याच्या बाजूने जातो.

इथे शुल्काच्या समर्थकांना मात्र मोठी कबुली द्यावी लागेल. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०१५ पासून मोठ्या दुकानांना प्रत्येक पातळ पिशवीसाठी पाच पेन्स घेणे बंधनकारक झाले. २०२१ मध्ये ते दहा पेन्स झाले आणि लहान दुकानेही त्यात आली. शुल्कापूर्वी, २०१४ मध्ये, सात मोठ्या सुपरमार्केट कंपन्यांनी मिळून सुमारे ७६० कोटी पातळ पिशव्या वाटल्या होत्या. तो आकडा पुढे पंचाण्णव टक्क्यांहून अधिक घटला. ब्रिटनच्या किनाऱ्यांवर स्वयंसेवकांना सापडणाऱ्या पिशव्याही सुमारे ऐंशी टक्क्यांनी कमी झाल्या, आणि हे यश खोटे म्हणता येणार नाही. परंतु कायद्याने शुल्क लावले ते ७० मायक्रॉनपर्यंतच्या पिशवीवर. त्याहून जाड पिशवी कायद्याच्या आणि मोजणीच्या बाहेर राहिली, आणि दुकानांनी काउंटरशेजारी नेमकी तीच रचून ठेवली. आयुष्यभर टिकेल अशा नावाने विकली जाणारी ही पिशवी २०१९ मध्ये मोठ्या सुपरमार्केटांनी सुमारे १५८ कोटी विकली, म्हणजे दर घरामागे वर्षाला ५७. आठवड्याला एकाहून अधिक! ढोबळ हिशेब करून पाहू. ७६० कोटी पातळ पिशव्या, प्रत्येकी आठ ग्रॅम, म्हणजे सुमारे ६१ हजार टन प्लास्टिक. १५८ कोटी जाड पिशव्या, प्रत्येकी पस्तीस ग्रॅम, म्हणजे सुमारे ५५ हजार टन. पहिला आकडा एकट्या इंग्लंडचा आणि दुसरा संपूर्ण युनायटेड किंग्डमचा आहे, त्यात जाड पिशव्या शुल्कापूर्वीही काही प्रमाणात विकल्या जात होत्या, तेव्हा ही तुलना काटेकोर नाही. तरीही संख्येतली पंचाण्णव टक्के घट वजनात कुठेच दिसत नाही हे लपत नाही. घाण कमी झाली, प्लास्टिक फारसे नाही. हैफाच्या पालकांप्रमाणे इथेही ग्राहकाला एक परवाना मिळाला: जाड पिशवी घेतली की आपण जबाबदार ठरलो.

कॅलिफोर्नियाची कथा याहून बोलकी आहे. तिथल्या विधिमंडळाने २०१४ मध्ये पातळ पिशव्यांवर बंदी घालणारा कायदा केला, प्लास्टिक उत्पादकांनी तो जनमताला टाकला, आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये मतदारांनी तो उचलून धरला. कायद्यात सवलत होती ती १२५ वेळा वापरता येईल अशा जाड पिशवीला, किमान दहा सेंट घेऊन. पिशवी १२५ वेळा वापरता येण्याजोगी होती. ती वापरली जाईल याची तजवीज कायद्यात कुठेही नव्हती. राज्यात कचऱ्यात जाणाऱ्या प्लास्टिक पिशव्यांचे वजन २०१४ मध्ये सुमारे १ लाख ५७ हजार टन होते, ते पुढच्या काही वर्षांत २ लाख ३१ हजार टनांपर्यंत गेले. मधल्या काळात कोरोनाच्या साथीमुळे स्वतःची पिशवी आणण्यावर निर्बंध आले होते, हे धरूनही आकडा कायद्याच्या बाजूचा नाही. अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये जाड प्लास्टिकची ती पळवाट बुजवणाऱ्या दुसऱ्या कायद्यावर सही झाली आणि १ जानेवारी २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख ठरली.

हे असे होईल याचा अंदाज यायला इतिहास पुरेसा होता. अमेरिकेतील युद्धाचा खर्च भरून काढण्यासाठी ब्रिटनने १७८४ मध्ये विटांवर कर बसवला. कर दर हजार विटांमागे होता, म्हणून वीटभट्टीवाल्यांनी विटा मोठ्या करायला सुरुवात केली. माती तितकीच, भिंत तितकीच, विटांची संख्या मात्र कमी. सरकारने पुढे ठरावीक आकारमानापेक्षा मोठ्या विटेवर दुप्पट कर लावून ही युक्ती मोडून काढली, आणि १८५० मध्ये तो करच रद्द झाला. मोजणीचे एकक चुकीचे निवडले की लोक वस्तू कमी वापरत नाहीत, फक्त एकक चुकवतात. दोनशे वर्षांपूर्वीच्या अर्थखात्याला जे उमगले ते एकविसाव्या शतकातील पर्यावरणखात्यांना पुन्हा शिकावे लागले, याचे मला नवल वाटते.

याला उपाय नाही असे नाही, आणि तो आयर्लंडच्या पहिल्याच नियमांत होता. तिथे पुनर्वापराच्या पिशवीला कर माफ होता, पण ती किमान ७० सेंटला विकली तरच. जाडीची, शिवणीची किंवा किती वेळा वापरता येईल याची परीक्षा नियमाने घेतलीच नाही. त्याने फक्त एवढे पाहिले की विसरभोळ्या ग्राहकाला ती दर आठवड्याला नव्याने घेणे परवडू नये. माझ्या मते या संपूर्ण वादातील हा सर्वांत शहाणा तपशील आहे, आणि त्याचा उल्लेख फार क्वचित होतो. टिकाऊ पिशवी स्वस्त विकणे हे टिकाऊपणाच्या विरुद्ध जाते.

कचऱ्याच्या पिशव्यांचा आक्षेपही खरा आहे. दुकानाची पिशवी बंद झाली की लोक डब्यासाठी गार्बेज बॅग विकत आणतात. कॅलिफोर्नियातील बंद्यांचा अभ्यास करून रिबेका टेलर यांनी २०१९ मध्ये दाखवले की वाचलेल्या प्लास्टिकपैकी सुमारे २८ टक्के अशा प्रकारे परत आले. मान्य. पण मग उरलेले सुमारे ७२ टक्के वाचले, हेच त्या अभ्यासाचे दुसरे वाक्य आहे, आणि विरोधक नेमके तिथेच वाचन थांबवतात.

गरिबांवरच्या भाराचा मुद्दा मला अधिक गंभीर वाटतो. शुल्क टाळता येते हे उत्तर मोटारीच्या डिकीत चार पिशव्या ठेवणाऱ्याला सोपे आहे. कामावरून परतताना हातात पैसे आले तर थोडीथोडकी खरेदी करणाऱ्या, बसने किंवा पायी जाणाऱ्या माणसाला ते तितके सोपे नाही. त्याच्यासाठी दर कमी करणे हा उपाय नव्हे, कारण दक्षिण आफ्रिकेत तेच फसले. उपाय अनामत रकमेचा आहे. पिशवी भक्कम असावी, तिची अनामत चांगली जाणवेल इतकी असावी, आणि ती कोणत्याही दुकानात परत केल्यास पूर्ण पैसे मिळावेत, जसे काचेच्या बाटल्यांबाबत अनेक देशांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. जमा होणारे शुल्कही दुकानाकडे राहू नये. इंग्लंडमध्ये ते कायद्याने कर नाही, दुकानदाराने सत्कार्याला द्यावे अशी केवळ अपेक्षा आहे. आयर्लंडमध्ये ते पर्यावरणासाठीच्या सरकारी निधीत जाते. पिशवी विकण्यात दुकानाला लाभ असेल तर ती कमी विकण्याची जबाबदारी त्याच्यावरच सोपवणे भाबडेपणाचे आहे.

सरसकट बंदीच का नको, असे विचारणाऱ्यांना बांगलादेशाचे उदाहरण द्यावे लागते. पुराच्या वेळी गटारे तुंबण्याला पिशव्या कारणीभूत ठरल्याने २००२ मध्ये पातळ पिशव्यांवर बंदी घालणारा तो पहिला देश ठरला, तरी पिशव्या बाजारातून गेल्या नाहीत. केनियाने २०१७ मध्ये चार वर्षांपर्यंत कैद किंवा चाळीस हजार डॉलरपर्यंत दंड ठेवला आणि बराच परिणाम साधला, पण एका पिशवीसाठी तुरुंग हे प्रमाण कोणाला योग्य वाटेल? अर्थात शुल्कालाही मर्यादा आहे: जिथे बिल छापले जाते तिथेच ते वसूल होते. जिथे बिलच नाही तिथे कारखान्यावर उत्पादनाचा कर लावण्यावाचून गत्यंतर नाही.

राहता राहिला तो आक्षेप की सुपरमार्केटच्या आतल्या वेष्टनांच्या ढिगापुढे पिशवी ती किती! प्रमाण म्हणून हे बरोबर आहे. परंतु वेष्टनावर ग्राहकाचा काही अधिकार चालत नाही, पिशवीवर चालतो, आणि दुकानाने वेष्टनाचे वजन जाहीर करावे ही मागणी करायची तर पिशव्यांपासून सुरुवात करणे सोपे. म्हणून नियमांत एक तरतूद तातडीने हवी: प्रत्येक सुपरमार्केट साखळीने वर्षभरात विकलेल्या सर्व पिशव्यांची संख्या आणि एकूण वजन, सामग्रीनुसार वेगळे काढून, जाहीर करावे. पळवाट कुठे उघडली आहे हे सरकारच्या आधी लोकांना कळेल. कॅलिफोर्नियाच्या नव्या कायद्याने प्लास्टिकच्या पिशव्या काउंटरवरून हटवल्या असल्या तरी पैसे घेऊन कागदी पिशवी देण्याची मुभा ठेवली आहे, आणि ती पातळ पिशवीच्या जवळजवळ सातपट जड असते. पुढच्या काही वर्षांत तिथले वजनाचे आकडे तपासताना कागदाचा रकानाही उघडावा लागेल.